इथपर्यंत बरोबर

नववी ब. भिंतीकडचा, मागून दुसरा बाक.
मंथन धकाते, राहणार तांडापेठ.
बाप गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलतो.
वही कोरी. पहिल्या पानावर नाव तेवढं सुबक,
तेही आईच्या अक्षरात.

शाळा उघडली त्या सव्वीस जूनपासून मी सांगत आले,
डोकं आहे तुला, वापर.
तो म्हणायचा, "नाही येत मॅडम."
तीन शब्द. आतून कडी लावल्यासारखे.
वर्गाबाहेर उभं केलं, तर व्हरांड्यात कबुतरं मोजत बसला.
(ती बरोबर मोजली असणार.)
आईला बोलावलं. ती दारातच थांबली,
"तुम्हीच सांगा ना जी, आमचं तं ऐकतच नाही."
मग स्टाफरूममध्ये चहा पिता पिता आम्ही ठरवून टाकलं,
या पोरांना शिकायची भूकच नाही.

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली.
डॉक्टर म्हणाले, गुडघे वाचवायचे तर पोहायला शिका.
वय सत्तेचाळीस.
पहिल्या दिवशी मी टोपी विसरले.
दुसऱ्या दिवशी मुद्दाम विसरले.
तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले, जे आलेच नव्हते.
चौथ्या दिवशी काठावर उभी राहून
चष्म्याचा पट्टा घट्ट केला, सैल केला, परत घट्ट केला,
आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरी
माझ्या बाजूनं धबाधब उड्या टाकत गेल्या.

शिकवणारी प्रणोती, माझ्या लेकीच्या वयाची.
"काऊन मॅडम, उतरून नाही राहिल्या?"
"नाही येत," मी म्हणाले.

तो आवाज माझा नव्हता.
भिंतीकडच्या, मागून दुसऱ्या बाकावरून आला होता.

प्रणोतीनं मला डोकं वापरायला सांगितलं नाही.
"पायरीवर बसा. पाय वल्ले होऊ द्या. आज एवढंच."
बसले. खाली तापलेली फरशी, पाण्यात गार पडलेले घोटे.
घड्याळ पाहिलं तर पाऊण तास गेलेला,
आणि खोटं कशाला सांगू,
मला उद्या यावंसं वाटत होतं.

सोमवारी वह्या आल्या. मंथनच्या पानावर
एक समीकरण, दोन ओळी, तिसरीत चिन्ह उलटं,
मग शाईचा डाग, मग काही नाही.
लाल पेन सवयीनं त्या चिन्हाकडे धावलं.
मी ते ठेवून दिलं. हिरवं शोधलं.
दुसऱ्या ओळीखाली रेघ मारून लिहिलं,
इथपर्यंत बरोबर.

त्यानं वही उघडली. मिटली. पुन्हा उघडली.
शेजारच्याला दाखवली नाही,
पण हातानं झाकलीही नाही.

असे बरेच दिवस. कधी एक ओळ,
कधी नुसतं गणित नीट उतरवलेलं.
एकदा तर काहीच सापडेना,
तेव्हा तारखेखाली रेघ मारली.
ते पाहून हसला लेकाचा.

गजभिये सर म्हणतात,
"अशानं का दहावीचा निकाल लागते?"
नसेल लागत. मला माहीत नाही.
माझेही गुडघे अजून दुखतात,
खोल बाजूला मी अजून जात नाही.

काल घंटा झाली, पोरं सायकलींकडे पळाली.
बेचाळीस डिग्री, लाइट गेलेली, पंखा थांबलेला.
मंथन टेबलापाशी घुटमळला,
चपलेनं फरशी खरवडत राहिला,
मग वही पुढे केली.
चार ओळी. चारही त्याच्या.
"मॅडम, पुढचं नाही येऊन राहिलं."

पुढचं, म्हणाला.

मी खुर्ची सरकवून जागा केली.
त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब पानावर पडला, शाई पसरली.
त्यानं बाहीनं टिपली
आणि खाली पाचवा आकडा घातला.